कठीण शिकवणे म्हणजे वाईट शिकवणे नव्हे : आपल्या अर्थशास्त्राच्या सरांविषयी

खडूची धूळ

या चर्चामंचावर 'नाव नको' या टोपणनावाने परवा सरांविषयी जे लिहिले गेले, ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे, आणि दोन ओळींच्या उत्तराने समाधान होईना म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सरांचे सूक्ष्म अर्थशास्त्र (एकेका ग्राहकाच्या आणि विक्रेत्याच्या निर्णयांचा अभ्यास) आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र) हे दोन्ही अभ्यासक्रम म्हणजे अर्थशास्त्राच्या नावाखाली शिकवलेले गणित आहे, सर विद्यार्थ्यांकडे न पाहता फळ्याकडे पाहून बोलतात, गुण देताना हात आखडता घेतात, आणि म्हणून नव्या विद्यार्थ्यांनी त्यांचे विषय निवडूच नयेत. गुणांविषयीची तक्रार मी समजू शकतो. परंतु 'त्यांच्याकडून काहीच शिकलो नाही' हे त्यांचे वाक्य मला अन्यायकारक वाटते.

पहिल्याच आठवड्यातील पत्त्यांचा तास ते विसरले काय? सरांनी अर्ध्या वर्गाला ग्राहक आणि अर्ध्या वर्गाला विक्रेते केले, प्रत्येकाच्या हातात एक पत्ता दिला, ग्राहकाच्या पत्त्यावर तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा आणि विक्रेत्याच्या पत्त्यावर त्याचा खर्च लिहिलेला होता, आणि दुसऱ्याचा पत्ता कोणालाही ठाऊक नव्हता. पहिल्या फेरीत सौदे वाटेल त्या किमतींना झाले. चौथ्या फेरीपर्यंत जवळजवळ सगळे सौदे एकाच आकड्याभोवती येऊन थांबले, आणि मग सरांनी सर्व पत्ते गोळा करून फळ्यावर मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा काढल्या, तेव्हा त्या बरोबर त्याच आकड्याजवळ छेदल्या. अर्थतज्ज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांची ती वर्गातली आवृत्ती होती, आणि प्रायोगिक अर्थशास्त्रातील कामासाठी त्यांना 2002 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, हे सरांनी त्यानंतर सांगितले. पुढचे सहा आठवडे फळ्यावर जे गणित आले, ते मला त्या तासामुळेच सहन झाले.

अर्थमितीच्या परीक्षेत एक प्रश्न होता : एखाद्या वस्तूच्या दरमहाच्या किमती आणि विक्री यांचे बिंदू जोडले, तर मागणी वक्र, म्हणजे कोणत्या किमतीला ग्राहक किती घेतील ते दाखवणारी रेषा, मिळेल का? मी उत्साहाने 'होय' असे लिहिले आणि वीसपैकी तीन गुण मिळवले. किंमत आणि विक्री हे दोन्ही आकडे मागणी आणि पुरवठा यांच्या एकत्रित हालचालीतून येतात, त्यामुळे त्या बिंदूंमधून एकटी मागणी वेगळी काढता येत नाही, हे मला नोकरीला लागल्यावर पटले. 'किंमत वाढवली की विक्रीही वाढते' असा निष्कर्ष एका बैठकीत माझ्यासमोर मांडला गेला, आणि खोलीतल्या आठ जणांपैकी त्याला हरकत घेणारा मी एकटाच होतो. त्या तीन गुणांचे मोल मला त्या दिवशी समजले.

तिसरा बाक

आपले लेखन प्रामाणिक आहे, हे मी मान्य करते. परंतु ते उरलेल्यांचे लेखन आहे. सत्राच्या सुरुवातीला भरलेला वर्ग मध्यावर किती रिकामा झाला होता, हे आपण लिहिले नाही. ज्यांनी विषय सोडला, त्यांचा अनुभव आपल्या हिशेबात येतच नाही, आणि निवडीतून येणाऱ्या याच दोषावरील कामासाठी अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांना 2000 मध्ये नोबेल मिळाले, हे सरांनी शिकवलेल्या माणसाला मी सांगावे लागू नये.

माझी गोष्ट सांगते. पाचव्या आठवड्यात मी विचारले की, उपयोगिता, म्हणजे वस्तूपासून मिळणारे समाधान, कोणी कधी मोजलेली नसताना आपण तिचे फलन (गणिती सूत्र) गृहीत कसे धरतो. सर म्हणाले, "हे तुम्हाला गेल्या वर्षीच कळायला हवे होते," आणि त्यांनी मला फळ्यावर बोलावून लॅग्रांज गुणकाचे (दिलेल्या मर्यादेत राहून सर्वांत मोठे किंवा लहान मूल्य शोधण्याच्या गणिती पद्धतीचे) एक उदाहरण सोडवायला सांगितले. मला ते येत नव्हते, आणि येत नाही असे मी सांगितलेही. तरीही मी दहा मिनिटे हातात खडू धरून उभी होते. वर्गात कोणी एक शब्द बोलले नाही. पुढच्या आठवड्यात मी विषय सोडला, आणि अर्थशास्त्रही सोडले.

अवशेष

झाले ते वाईट झाले. परंतु लॅग्रांज गुणक हा त्या अभ्यासक्रमाच्या पूर्वअटींमध्येच होता, आणि पूर्वतयारी नसताना वर्गात येऊन पायाभूत गृहीतकांना आव्हान द्यायचे, यात शिक्षकाचाही वेळ जातो आणि इतरांचाही. गणिताविषयीची ही कुरकुर मला नेहमीच खटकते. शब्द निसटते असतात; समीकरणात मात्र आपण काय गृहीत धरले ते लपवता येत नाही. काही रास्त अटी पाळून व्यक्तींच्या पसंतिक्रमांतून समाजाचा सुसंगत पसंतिक्रम तयार करणे सर्वसाधारणपणे अशक्य आहे, हे अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी 1951 मध्ये दाखवले. ही गोष्ट नुसत्या निबंधातून कोणी सिद्ध करून दाखवली असती काय?

जुने पान

ॲरो यांचे उदाहरण योग्य आहे, परंतु त्यावरून संपूर्ण विषय गणितात बुडवण्याची परवानगी मिळत नाही. ही तक्रार केवळ आपल्या वर्गाचीही नाही. 2000 मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी खुले पत्र लिहून वास्तवाशी संबंध तुटलेल्या गणिताविरुद्ध आवाज उठवला. 2 नोव्हेंबर 2011 रोजी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचा एक गट प्राथमिक अर्थशास्त्राच्या तासातून उठून बाहेर पडला, कारण त्यांच्या मते तो अभ्यासक्रम एकाच बाजूने झुकलेला होता. 2014 मध्ये 30हून अधिक देशांतील 65हून अधिक विद्यार्थी संघटनांनी अभ्यासक्रमात विविध विचारपरंपरांना स्थान मागणारे संयुक्त निवेदन काढले. हे सगळे गणितात कच्चे होते, असे आपले म्हणणे आहे काय? सरांच्या दोन सत्रांत मंदी आणि बेरोजगारीवर लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञ केन्सचे नाव मी एकदाही ऐकले नाही, आणि 2008 च्या आर्थिक अरिष्टाचा उल्लेख झाला तोही केवळ एका आकडेमालेतील खंड म्हणून.

अवशेष

सूक्ष्म अर्थशास्त्र आणि अर्थमितीच्या तासाला केन्स न येणे, यात सरांचा दोष काय? तो समग्रलक्षी, म्हणजे संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या, अर्थशास्त्राचा विषय आहे आणि ते शिकवायला दुसरे प्राध्यापक होते. हार्वर्डच्या मुलांची तक्रारही प्रामुख्याने वैचारिक कलाबद्दल होती, समीकरणांबद्दल नव्हे. आपण दोन वेगळी आंदोलने एकाच दाव्यात गुंफत आहात.

जुने पान

हार्वर्डपुरता आपला मुद्दा बरोबर आहे, तो मी मागे घेतो. पण मूळ मुद्दा मागे घेत नाही. अर्थतज्ज्ञ फिलिप्स यांनी 1958 मध्ये ब्रिटनच्या 1861 ते 1957 या काळातील आकड्यांवरून बेरोजगारी आणि वेतनवाढ यांचा वक्र मांडला : बेरोजगारी कमी तेव्हा वेतनवाढ जास्त. पुढे अनेकांनी तो कायमचा नियम मानला, आणि 1970 च्या दशकात चलनवाढ व बेरोजगारी एकदमच वाढल्यावर तो मोडला. हा वक्र टिकणार नाही, हे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या 1967 च्या अध्यक्षीय भाषणात आधीच सांगितले होते, आणि ते मुख्यतः शब्दांत सांगितले होते : लोक महागाईची अपेक्षा धरून वेतन मागू लागले की महागाई सोसून बेरोजगारी कमी करण्याचा हा सौदा संपतो. सरांनी आम्हाला फिलिप्सचे बिंदू हाताने आलेखावर मांडायला लावले, रेषा काढायला लावली, बिंदूंच्या रेषेपासूनच्या अंतरांचे वर्गही मोजायला लावले, परंतु ती रेषा का मोडली, हे सांगितले नाही. मला त्याचेच दुःख आहे. सर्वांत रोमांचक भाग जिथे सुरू होतो, तिथे तास संपला.

अवशेष

याच निष्कर्षापर्यंत अर्थतज्ज्ञ एडमंड फेल्प्स त्याच सुमारास समीकरणांच्या वाटेने पोहोचले होते, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. आणि आपण वर्गात विचारले होते काय? मी विचारले होते. सरांनी तास संपल्यावर तिथेच उभे राहून मला अपेक्षांचा संपूर्ण युक्तिवाद समजावून दिला होता.

जुने पान

तास संपल्यावर, आणि तुम्हाला एकट्याला! माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा कोणता असू शकतो? जे साठ जणांना मिळायला हवे होते, ते दारापाशी थांबण्याचे धैर्य असलेल्या एकाला मिळाले.

खडूची धूळ

कृपया मूळ विषयाकडे या. गणित हवे की नको यावर वेगळी चर्चा होऊ शकेल. सरांचे अभ्यासक्रम घ्यावेत की नाहीत, हा प्रश्न इथे आहे.

शिकवणारी

मी अन्यत्र हाच विषय शिकवते, म्हणून एक वेगळी बाजू मांडते. सत्राच्या शेवटी भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्रायपत्रांवर माझी नेमणूक अवलंबून असताना, एका वर्षी मी प्रश्नपत्रिका जाणीवपूर्वक सोपी केली. माझे गुणांकन वाढले. पुढच्या वर्षी त्याच विद्यार्थ्यांना अर्थमिती शिकवताना सहकाऱ्यांना काय सोसावे लागले, ते मी पाहिले आहे आणि त्याची मला आजही लाज वाटते. कॅरेल आणि वेस्ट यांनी 2010 मध्ये अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतील जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे. तिथे विद्यार्थ्यांना वर्ग निवडता येत नाही, तो दैवगतीने मिळतो. ज्या शिक्षकांच्या वर्गात चालू परीक्षेचे निकाल चांगले लागले आणि ज्यांना अभिप्रायही चांगले मिळाले, त्यांचे विद्यार्थी पुढच्या, त्याच विषयावर आधारलेल्या अभ्यासक्रमांत सरासरीने मागे पडले. विद्यार्थ्याला सत्र संपताना जे वाटते, ते शिकण्याचे माप नव्हे. 'नाव नको' यांच्या लेखनाकडे मी त्याच नजरेने पाहते.

तिसरा बाक

बाई, त्या अभ्यासातून एवढेच सिद्ध होते की अभिप्रायपत्रे फसवी असतात. कठोर शिक्षक चांगले असतात, हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि माणसाला फळ्यापाशी उभे करून ठेवल्याने पुढच्या वर्षीचे गुण वाढतात, हे तर मुळीच नाही. शिवाय तिथे वर्ग सोडता येत नव्हता. इथे मी सोडला. माझा 'पुढचा अभ्यासक्रम' कोणत्याही आकडेवारीत नाही.

शिकवणारी

वर्ग सोडणाऱ्यांविषयीचा आपला आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

नाव नको

माझ्या चार परिच्छेदांवर एवढी चर्चा होईल असे वाटले नव्हते. 'काहीच शिकलो नाही' हे वाक्य मी मागे घेतो. पत्त्यांचा तास मलाही आठवतो, आणि तो उत्तम होता. बाकी सर्व कायम ठेवतो. मी दिवसा काम करून शिकत होतो. तीन तास चुकले की सरांच्या अभ्यासक्रमात परत शिरण्याचा मार्गच नव्हता, कारण ते टिपणे देत नसत, पुस्तकातील क्रम पाळत नसत, आणि विचारायला गेल्यावर 'त्या दिवशी वर्गात सांगितले आहे' असे उत्तर मिळे. ज्यांना रोज पहिल्या बाकावर बसणे परवडत होते, त्यांनी सरांचे गुणगान जरूर करावे. परंतु ज्याला ते परवडत नाही, त्याला आधीच सावध करणे हा मला गुन्हा वाटत नाही. अभ्यासक्रम घेऊन पाहिल्याशिवाय त्याचा दर्जा कळत नाही, ही अर्थतज्ज्ञ अकरलॉफ यांनी 1970 मध्ये मांडलेल्या असममित माहितीचीच, म्हणजे एका बाजूला माहिती असून दुसऱ्या बाजूला नसण्याचीच, स्थिती आहे. माहिती असलेल्याने ती उघड केली, तर त्यात बिघडले काय?

अवशेष

बिघडले इतकेच की आपण माहितीबरोबर निकालही दिलात. 'घेऊ नका' असे म्हणण्याऐवजी 'रोज येता येणार असेल तरच घ्या' असे लिहिले असते, तर मी एक शब्दही लिहिला नसता.

नाव नको

ठीक आहे. तसे लिहितो.

खडूची धूळ

मला 'तिसरा बाक' यांना उत्तर द्यायचे आहे, आणि ते सोपे नाही. त्या दिवशी मी वर्गात होतो. दुसऱ्या रांगेत, खिडकीशेजारी. ते उदाहरण मला येत होते. मी हात वर करू शकलो असतो, निदान 'मी सोडवतो' असे म्हणू शकलो असतो, पण मी वहीत पाहत राहिलो, कारण पुढची पाळी माझी येईल अशी भीती मला वाटत होती. सरांची बाजू घेऊन एवढे लिहिताना तो दिवस मला आठवत नव्हता असे नाही. मी तो वगळला. सरांनी त्या दिवशी जे केले ते चूक होते, आणि ते शिकवणे नव्हते. त्यांचे अभ्यासक्रम घ्यावेत, हे माझे मत मात्र आजही बदललेले नाही, केवळ त्यापूर्वी कलनशास्त्राची उजळणी करावी आणि शंका वर्गात न विचारता त्यांच्या कक्षात जाऊन विचाराव्यात.

तिसरा बाक

आपण हे लिहिलेत, याबद्दल आभार. पण शंका वर्गात विचारू नये, असा सल्ला ज्या अभ्यासक्रमाबद्दल द्यावा लागतो, त्याची शिफारस आपण कशी करता, हे मला अजूनही समजलेले नाही. आणि माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथेही कोणी दिलेले नाही.

अवशेष

ते मी द्यायला हवे, कारण आपल्या प्रश्नाला मी आधी वेळेचा अपव्यय म्हणालो. उपयोगिता कोणी मोजत नाही, आणि मोजण्याची गरजही नाही. माणूस दोन गोष्टींपैकी कोणती निवडतो एवढेच पाहायचे असते, आणि त्या निवडी परस्परांशी सुसंगत असतील, तर त्यांचा क्रम दाखवणारे फलन मागाहून रचता येते. त्यातील आकड्यांना क्रमापलीकडे काही अर्थ नसतो. अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युअलसन यांनी 1938 मध्ये सुरुवातच मनातील समाधानाऐवजी दिसणाऱ्या निवडीपासून केली, ती आपल्याला पडलेल्या शंकेमुळेच. प्रश्न चांगला होता.

तिसरा बाक

हे उत्तर वाचायला मला एक मिनिटही लागले नाही. त्या दिवशी मी फळ्यापाशी दहा मिनिटे उभी होते.