मदत हवी आहे: बावला खून, १९२५

आमच्या ८:१२ च्या डोंबिवली लोकलमध्ये आठवडाभर एकच वाद पेटलाय. १२ जानेवारी १९२५ ला मलबार हिलवर मोटार अडवून मुंबईचे श्रीमंत व्यापारी अब्दुल कादर बावलांना गोळ्या घातल्या. सोबतच्या, इंदूर दरबार सोडून पळून आलेल्या नर्तकी मुमताज बेगमला गोल्फ खेळून परतणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी वाचवलं, एकाने तर चक्क गोल्फच्या काठीने मारेकऱ्यांना बडवलं! मारेकऱ्यांपैकी तिघांना फाशीची शिक्षा झाली, पण सुपारी कोणाची? संशय गेला तो इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांवर; त्यांनी चौकशीला सामोरं जाण्याऐवजी १९२६ मध्ये गादी सोडली. मला वाटतं, दरबारातल्याच कोणीतरी परस्पर उद्योग केला असावा. सावंतकाका हसतात, "पुरावा दाखव!" १९२५ ची मराठी वर्तमानपत्रं दादरच्या ग्रंथसंग्रहालयात चाळायला मिळतात का? की एल्फिन्स्टन कॉलेजमधल्या पुराभिलेखागारात जाऊ? परवानगी कशी काढायची? शनिवारी सुट्टी आहे.