मुंबईचा फोर्ट एका दिवसात: कोणती इमारत कोणत्या काळातली, हे जागेवर कसं ओळखायचं?

टिळकवाडी_ड्राफ्ट्समन (बेळगाव)
नमस्कार मंडळी. सिव्हिल डिप्लोमाच्या मुलांना डिसेंबरात मुंबईला न्यायचं ठरतंय. रात्रीच्या बसनं निघायचं, दिवसभर फोर्ट बघायचा आणि रात्री परत. मुलं बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली, म्हणजे जांभ्याची घरं आणि कॅम्पातले जुने बंगले बघत वाढलेली. पण फोर्टात गेल्यावर सगळंच 'ब्रिटिशकालीन' म्हणून एका माळेत ओवलं जातं. ते टाळायचंय. कुठून सुरुवात करावी, आणि पाटी न वाचता इमारतीचा काळ ओळखायला मुलांना काय शिकवावं?

निपाणीकर_नकाशेवाला
सर, आधी एक नसलेली गोष्ट दाखवा: तटबंदी. 'फोर्ट' हा खरोखरच तटाच्या आतला गाव होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला भिंत उभी राहिली आणि तिला तीन मुख्य दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट, उत्तरेला बाजारगेट. १८०३ मध्ये मोठी आग लागून आतली दाट वस्ती जळाली. १८६२ मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले आणि त्यांच्या काळात तट पाडला गेला. मुंबईच्या बांधकामाचे दोन भाग या एका निर्णयानं पडतात.

म्हणून सुरुवात आतून करा. सेंट थॉमस कॅथेड्रल (१७१८), तिथून हॉर्निमन सर्कल, समोर एशियाटिकचा टाऊन हॉल (१८३३). टाऊन हॉलचे ग्रीक पद्धतीचे जाड डोरिक खांब आणि रुंद पायऱ्या नीट बघायला लावा. टोकदार कमान इथं नाही, कारण गॉथिकची (टोकदार कमानी आणि कोरीव दगडकामाच्या शैलीची) लाट अजून यायची होती. मग वीर नरिमन रस्त्यानं पश्चिमेला फ्लोरा फाउंटनकडे चला. १८६४ चं हे कारंजं चर्चगेटच्या जागी उभं आहे. मुलांना सांगा, 'आता आपण तटाबाहेर पडलो.' इथून पुढं रस्ते रुंद होतात आणि इमारती सुट्या उभ्या राहतात. उलट उत्तरेच्या बाजारगेट स्ट्रीटवर गल्ल्या अजून अरुंद आहेत. आत आणि बाहेर हा फरक पट्टीनं मोजून घ्या, तोंडी सांगून पटत नाही. तटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात शिल्लक आहे.

ओव्हल मैदानाशी एक प्रश्न विचारा: जुनं सचिवालय (१८७४), विद्यापीठ, राजाबाई टॉवर (१८७८), हायकोर्ट (१८७८) या सगळ्यांची तोंडं पश्चिमेलाच का? कारण तेव्हा समोर मैदान, रेल्वेचा रूळ आणि लगेच बॅकबेचा समुद्र होता. आज मैदानापलीकडे दिसणारी आर्ट डेकोची (सरळ-गोलाई रेषांच्या काँक्रीट इमारतींची) रांग १९३० च्या दशकातली, भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवरची. एकाच मैदानाच्या दोन कडांना दोन काळ समोरासमोर आहेत. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत हा समूह एकत्र गेला तो त्यामुळेच.

उजेडाचंही बघा. डेकोच्या रांगेवर सकाळी ऊन असतं, गॉथिकवर दुपारनंतर. स्केचिंग त्या हिशेबानं लावा, नाहीतर मुलं सावलीतला दर्शनी भाग काढत बसतील.

चिरेबंदी_खानापूर
वरचा क्रम बरोबर आहे. त्यात दगडाची भर घालतो.

मुंबईचा पायाभूत दगड काळा बेसाल्ट. कठीण, पाणी कमी पितो, पण बारीक नक्षीला त्रास देतो. म्हणून भिंत बेसाल्टची आणि कमानी, कंगोरे, जाळ्या मऊ दगडाच्या अशी जोडी वारंवार दिसते. पिवळसर असेल तर मालाड किंवा कुर्ल्याचा दगड, पांढरट मऊ असेल तर बहुधा पोरबंदरचा. डेव्हिड ससून लायब्ररी (१८७०) मालाडच्या पिवळ्या दगडाची. क्रॉफर्ड मार्केटला (१८६९) कुर्ल्याच्या दगडासोबत वसईचा लालसर दगड आहे. तिथं मुलांना कमानीतले रंगाचे पट्टे मोजायला सांगा.

आपल्याकडच्या मुलांना सगळ्यात जवळचा वाटेल तो जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय (१९१३). वास्तुविशारद जॉन बेग यांनी त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. दगड काळा बेसाल्ट, सोबत कुर्ल्याचा पिवळा आणि ध्रांगध्राचा पांढरा. गोलघुमट १६५६ चा, बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर. आत एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनी खोलीवरून वर जात जात गोल कडं तयार करतात आणि घुमट त्या कड्यावर बसतो. जमलं तर सहलीआधी विजापूर करून घ्या. आत उभं राहून चौकोनाचा गोल कुठं होतो ते वहीत काढलं, की जीपीओचा घुमट मुलांना आपोआप वाचता येईल. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या म्युझियमचा (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) घुमटही याच घराण्यातला. त्यांचंच गेटवे (१९२४) मात्र गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या घाटणीकडे झुकतं. हे सगळं सीएसएमटीच्या (१८८८) गॉथिकनंतरचं. टोकदार कमान आणि दगडी प्राणी दिसले तर १८६०-१९०० धरा, विजापुरी-गुजराती वळण दिसलं तर १९०० नंतरचं. अपवाद सापडतील, पण पहिला अंदाज या खुणांवर बांधता येतो.

टिळकवाडी_ड्राफ्ट्समन
दोघांचेही आभार, विजापूर आधी करतोच. अजून एक शंका. फोर्टात काही ठिकाणी दगडाची पापुद्र्यासारखी साल निघते. आपल्याकडं जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की तोही फुगतो. दोन्हीचं कारण एकच का?

चिरेबंदी_खानापूर
बऱ्याच अंशी एकच: आत अडकलेलं पाणी. मऊ दगड आणि जांभा दोन्ही पाणी पितात आणि सोडतात. सांध्यात चुना असेल तर ओल सांध्यातून बाहेर पडते, झिजतो तो चुना, आणि तो परत भरता येतो. सिमेंटनं सांधा बंद केला की ओल दगडाच्या तोंडातूनच बाहेर येते. मुंबईत तिच्यासोबत समुद्राचा क्षार असतो. पाणी उडतं, क्षाराचे स्फटिक सालीमागं वाढतात आणि साल सुटते. दुसरं कारण दगड जोडायला घातलेल्या लोखंडी कड्या. त्या गंजून फुगतात आणि कोपरा उडवतात. उडालेल्या कोपऱ्यामागं तांबूस डाग दिसला तर कडी समजा. पांढरी पूड दिसली तर क्षार.

दुरुस्तीची रीत: जुना सिमेंटचा सांधा छिन्नीनं हळू काढायचा, ग्राइंडर नको, कडा कापल्या जातात. खोली सांध्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट, निदान २०-२५ मिमी. धूळ काढून सांधा ओला करायचा. चुना कमीत कमी दोन-तीन आठवडे पाण्याखाली भिजलेला हवा, चुना एक भाग आणि धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग. भरल्यावर ओली गोणपाटं लावून आठवडाभर तरी ओल राखायची. उन्हात घाई केली की चुना भुगा होऊन गळतो. जांभ्याच्या भिंतीलाही हीच रीत, आणि गिलावासुद्धा चुन्याचाच.

आरसीसी_चिकोडी
ओव्हलच्या डेको बाजूला मात्र हे औषध लागू नाही. तिथं काँक्रीट आहे. खाऱ्या हवेतला क्लोराइड आत शिरतो, सळई गंजते, फुगते आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फोडते. सर्वांत आधी छज्जे आणि बाल्कनीच्या खालची बाजू जाते. वर नुसता गिलावा मारणं हे सर्रास दिसतं आणि ते सर्वांत वाईट, कारण आत गंज चालूच राहतो. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, फार झिजली असेल तर जोडसळई द्यायची, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला). मुलांना रस्त्यावरून मान वर करून छज्ज्याच्या खालच्या तडा बघायला सांगा. सळईला समांतर गेलेली सरळ तड म्हणजे गंज.

निपाणीकर_नकाशेवाला
सर, शेवटचं. हायकोर्ट आणि विद्यापीठ चालू संस्था आहेत. आत जायचं तर कॉलेजच्या लेटरहेडवर आधीच लेखी परवानगी मागा, नाहीतर बाहेरूनच बघा. कामाच्या दिवशी जाणार असाल तर दादाभाई नौरोजी रस्ता दुपारच्या उन्हाला ठेवा. तिथल्या इमारतींखालून सलग कमानींची पडवी जाते, सावलीतून चालता येतं आणि त्याच पडवीत उभं राहून एकेका कमानीचा गाळा मोजून घेता येतो. पाच मीटरची टेप पुरते. दर दोन मुलांत एक द्या.