ट्रीझन म्हणजे राजद्रोह, देशद्रोह की अजून काही?

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या काळातल्या खटल्यांवर एक लेख मराठीत करतेय आणि पहिल्याच शब्दाला अडकलेय. ट्रीझनला काय म्हणायचं? डिक्शनरीत राजद्रोह आणि देशद्रोह दोन्ही दिलंय. पण राजद्रोह म्हटलं की आपल्याला टिळकांचा १९०८चा खटला आठवतो, कलम १२४अ, ते तर सिडीशन, म्हणजे सरकारविरुद्ध लोकांना चिथावणं. टिळकांना केसरीतल्या लेखांवरून सहा वर्षं मंडालेला पाठवलं, आणि तिकडे हेन्रीचा माजी चॅन्सलर थॉमस मोर शपथ घ्यायला नाही म्हणाला, का ते सांगायलाही नाही म्हणाला, आणि ६ जुलै १५३५ला त्याचं डोकं उडवलं. दोन्हीला एकच शब्द लिहायला माझा हात धजत नाही. देशद्रोह लिहावं तर जुन्या कायद्यात देश फारसा दिसतच नाही, सगळीकडे राजाच. आणि १३५१च्या कायद्यात म्हणे राजाच्या मृत्यूची 'कल्पना करणं' हा गुन्हा आहे. नुसतं मनात आलं तरी मरण?

———

कल्पनेचं आधी सांगतो, कारण तिथे बरेच जण फसतात. तो कायदा तिसऱ्या एडवर्डचा, लिहिलेला नॉर्मन फ्रेंचमध्ये, त्यातल्या 'इमॅजिन'चा अर्थ आजच्यासारखा डोळे मिटून चित्र रंगवणं असा नाही, बेत रचणं असा आहे. आपल्याकडे बखरींत शब्द आहे ना, मनसुबा, तो इथे जसाच्या तसा बसतो. 'राजाच्या मृत्यूचा मनसुबा करणे.' मनसुबाही मनातच असतो पण त्यात पुढे काहीतरी करायचं असतं. आणि मनसुबा सिद्ध करायला उघड कृती दाखवावी लागेल असं त्याच कायद्यात म्हटलंय, त्यामुळे नुसतं मनात आलं म्हणून मरण असं नाही. कल्पना मात्र लिहू नका, अर्थच बदलतो.

आता ट्रीझन. यादी नीट वाचा म्हणजे शब्द आपोआप सापडतो. राजा, राणी किंवा थोरल्या वारस मुलाच्या मृत्यूचा मनसुबा. राजाची बायको, थोरली बिनलग्नाची मुलगी, वारसाची बायको यांची अब्रू घेणं. राज्यात राजाविरुद्ध युद्ध. राजाच्या शत्रूंना सामील होणं. राजाचा शिक्का किंवा नाणी खोटी पाडणं. चॅन्सलर, खजिनदार, न्यायाधीश यांना कामावर असताना मारणं. बघा ना, निम्मी यादी राजाच्या घरातली माणसं आणि त्याच्या हातातल्या वस्तू आहे. आणि याच कायद्यात दुसरी, धाकटी ट्रीझनही आहे, नोकराने मालकाला मारलं, बायकोने नवऱ्याला मारलं, किंवा धर्मगुरूने आपल्या वरच्या धर्माधिकाऱ्याला मारलं तर तो साधा खून नाही, पेटी ट्रीझन. अशा बाईला फाशी नाही, जाळायची शिक्षा होती, ती १७९०मध्ये बंद झाली आणि हा गुन्हाच १८२८मध्ये रद्द झाला.

राजा, मालक, नवरा, धर्माधिकारी. या चौघांना मिळून मराठीत एकच शब्द आहे, स्वामी. म्हणून माझं मत, स्वामिद्रोह. थोरला स्वामिद्रोह आणि धाकटा स्वामिद्रोह. इतका नेमका शब्द हाताशी असताना राजद्रोह कशाला ताणायचा?

———

स्वामिद्रोह आवडला पण फितुरीला का विसरता? ट्रीझन मुळात लॅटिनमधल्या 'हवाली करणे' या क्रियापदावरून फ्रेंचमधून आलाय (ट्रॅडिशन पण तिथूनच, एक पिढी दुसरीच्या हवाली करते ती परंपरा). आणि आपण किल्ला फितुरीने गेला म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणतो, आतल्या माणसाने दार उघडून शत्रूच्या हवाली केला. 'राजाच्या शत्रूंना सामील होणे' या कलमाला दुसरा शब्दच नको.

याच कलमाखाली १९१६मध्ये आयरिश पुढारी रॉजर केसमेंटला फाशी झाली. त्याने आयर्लंडच्या बंडासाठी जर्मनीत जाऊन मदत मागितली होती, जर्मनांच्या कैदेतल्या आयरिश सैनिकांना वळवायचा प्रयत्न केला होता. त्याच्या वकिलाचं म्हणणं, कायदा राज्याच्या आत सामील होणाऱ्याबद्दल आहे, हा तर बाहेर होता. 'किंवा इतरत्र' हे शब्द वाक्यात नक्की कशाला जोडायचे यावर सगळा वाद, आणि जुन्या मजकुरात नीटशी विरामचिन्हं नाहीत. अपिलातले दोन जज स्वतः दफ्तरखान्यात जाऊन मूळ चर्मपत्र बघून आले. स्वल्पविरामावर फाशी गेला असं अजून म्हणतात ते यावरून. शब्दचर्चा करणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, एका खुणेवर माणसाचा गळा होता.

———

दोघांचे आभार, खूप मोकळं झालं. पण मोरचं काय करू? त्याने किल्ला दिला नाही, मनसुबाही केला नाही. १५३४च्या वारसा कायद्याने अ‍ॅन बोलीन या हेन्रीच्या दुसऱ्या राणीच्या मुलांना गादी दिली आणि सगळ्यांना शपथ घालायचं ठरलं. वारस कोण हे पार्लमेंटने ठरवावं याला त्याची हरकत नव्हती, हरकत शपथेच्या शब्दांना होती, कारण त्यात पोपचा अधिकार नाकारणं आलं. शिवाय शपथ की आण, तेही सांगा.

———

शपथच लिहा. आण आपण कोणाची तरी घालतो, आईची, देवाची, आणि ती दोन माणसांतली असते. इथे सरकार मजकूर ठरवून देतं आणि तुम्ही तो शब्दन् शब्द म्हणायचा असतो. अलीजन्सला निष्ठा चालेल पण मला इमान जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात धनी रक्षण करतो आणि चाकर इमान राखतो असा दुहेरी व्यवहार आहे, इंग्रजी कायद्यातही अगदी तेच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या रेडिओवरून प्रचार करणाऱ्या विल्यम जॉयसला १९४६मध्ये फाशी झाली तेव्हा तो जन्माने अमेरिकन होता, पण ब्रिटिश पासपोर्ट घेतला म्हणजे संरक्षण घेतलं, म्हणजे इमान आलं, असा निकाल.

मोरसाठी मात्र नवा कायदा लागला. १५३४च्याच ट्रीझन कायद्याने राजाची पदवी (चर्चचा सर्वोच्च प्रमुख ही) आकसाने, नुसत्या शब्दांनी नाकारणं हाही गुन्हा केला. 'आकसाने' हा शब्द मुद्दाम वापरा, मोरचा बचावच त्यावर होता, जो बोललाच नाही त्याचा आकस कुठून आणणार. तिथे स्वामिद्रोहाचा अर्थ कृतीवरून जिभेवर आला, म्हणून तिथे राजद्रोह लिहिलं तरी चालेल असं मला आता वाटायला लागलंय, टिळकांच्या खटल्याशी नातं तिथेच जुळतं.

———

आणि १६४९? खुद्द राजा पहिल्या चार्ल्सवरच ट्रीझनचा आरोप ठेवला, तिथे स्वामिद्रोह म्हणताच येत नाही, स्वामी तोच. तिथे लोकद्रोह लिहा. आरोपपत्रात पार्लमेंट आणि जनतेविरुद्ध युद्ध केलं असंच आहे.

———

हे पटलं, चार्ल्सचा परिच्छेद तसाच करते. एक शेवटचं, अटेंडर? दोषी ठरल्यावर जमीन राजाकडे जायची आणि 'रक्त भ्रष्ट' म्हणून मुलांनाही वारसा नाही. मी वतनजप्ती लिहिलंय, पण त्यात रक्ताचं येत नाही.

———

वतनजप्ती ठेवा आणि पुढे 'वंशाला डाग' जोडा. अटेंडरचं आणि डाग लागण्याचं नातं इंग्रजांनीही मानलं होतंच.