वाचनालयांसाठीच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा लोगो : सल्ला हवाय

सह्यवारा :
आम्ही काही जण गावोगावच्या छोट्या वाचनालयांसाठी पुस्तकांच्या देवघेवीचं मुक्तस्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर लिहितोय. सध्याचा लोगो म्हणजे उघडं पुस्तक, त्यावर समई आणि खाली लांबलचक नाव. तो बदलायचाय. तीन नमुने आलेत : पुस्तकांचं कपाट, चोचीत पुस्तक धरलेली सुगरण आणि 'ग्रं' हे अक्षर. सरळ मतदान घ्यावं का? आणि लोगोला परवाना कोणता द्यावा?

अक्षरवेडा :
मतदान नंतर. आधी तिन्ही नमुने 16 पिक्सेलच्या चौकोनात बसवून बघा, ब्राउझरच्या टॅबवर जवळपास तेवढीच जागा मिळते. कपाटाच्या फळ्यांचा तिथे करडा ठिपका होईल. 'ग्रं'मध्ये रकाराची तिरकी रेघ आणि दंड यांतली फट बुजेल, अनुस्वार शिरोरेषेला चिकटेल. नुसता 'ग' घेतलात तर मधली मोकळी जागा राहते, तो टिकेल असं वाटतं.

दुसरं, तुमचा लोगो वर्गणीच्या पावतीवर आणि कदाचित रबरी शिक्क्यावरही जाणार. तिथे एकच शाई. म्हणून आधी निव्वळ काळ्या-पांढऱ्यात करा, रंग शेवटी. फॉन्ट मुक्त परवान्याचाच घ्या. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता किंवा बलू चालतील. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराचा पाथ (म्हणजे नुसता रेषांचा आकार) करून एसव्हीजी प्रकारची चित्रफाइल ठेवा, नाहीतर ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्याला भलतंच अक्षर दिसेल.

पोफळी :
सुगरण सोडू नका हो! फार गोड कल्पना आहे.

टर्मिनलवाली :
पोफळी, सुगरणीला शुभंकर करता येईल. गो या प्रोग्रॅमिंग भाषेने 2018 मध्ये अक्षरांचा नवा लोगो घेतला, पण रेने फ्रेंच यांनी काढलेला गोफर हा शुभंकर प्राणी तसाच ठेवला. परिषदेच्या टी-शर्टवर, स्टिकरवर आजही तोच लोकांना हवा असतो.

सह्यवारा, मतदानावर फार भिस्त ठेवू नका. लॅरी युइंग यांनी 1996 मध्ये गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर वापरून काढलेला, लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीचा पेंग्विन लोगोच्या स्पर्धेत जिंकला नव्हता, तरी लिनक्स म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो. मत सगळ्यांचं घ्या, पण निर्णय जे रोज कोड सांभाळतात त्या दोघातिघांनी करावा.

परवान्याचं मात्र आत्ताच लेखी ठरवा. कोडचा परवाना लोगोला आपोआप लागू होतो असं धरून चालू नका, आणि ट्रेडमार्क हे तर वेगळंच प्रकरण. फायरफॉक्स ब्राउझरच्या लोगोचा परवाना डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीच्या नियमांत बसेना, आणि लोगोशिवाय नाव वापरणं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला मान्य नव्हतं. त्यामुळे 2006 पासून 2016 पर्यंत डेबियनमध्ये तो ब्राउझर आइसवीझल नावाने मिळायचा. डेबियनने स्वतःचे दोन लोगो ठेवलेत : नुसता भोवरा कुणीही वापरावा, बाटलीचा फक्त अधिकृत कामाला. तुम्हाला एकच पुरे. सीसी बाय-एसए परवाना द्या (श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून कुणीही वापरावं, असा) आणि चित्रकाराची लेखी संमती कोडच्या भांडारातच ठेवा. तो उद्या प्रकल्प सोडून गेला तर कुणाला विचारणार?

सह्यवारा :
'ग' काळ्या-पांढऱ्यात करायला घेतोय, सुगरण शुभंकर म्हणून राहील. संमतीचा मसुदा मराठीत कुणाकडे तयार आहे का? आमची चित्रकार अकरावीत आहे, म्हणजे पालकांचीही सही लागेल ना?

टर्मिनलवाली :
हो, पालकांची घ्याच. मसुदा रात्री इथेच टाकते. श्रेयात तिचं नाव कसं लिहायचं ते तिलाच विचारा.