मदत हवी आहे: भांगाच्या दिवसांत (समुद्राची भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा) पाहुण्यांना काय दाखवावं?

छोट्या किनारी गावासाठी एका दिवसाचा कार्यक्रम आखतोय. मुख्य आकर्षण खडकांतल्या डबक्यांची फेरी, आणि गाडी तिथेच अडते.

दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास असेल, तर आठवड्याने, भांगात, ती सकाळ-संध्याकाळी सहाकडे जाते. शिवाय पाणी पुरेसं मागे हटतच नाही, खालचे खडक उघडेच पडत नाहीत. छापील पत्रकात ‘रोज ११ वाजता फेरी’ लिहिणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

उधाणाचे दिवस बसवलेत: ओहोटीच्या दीड तास आधी निघायचं, पाणी तळाला लागलं की परत फिरायचं. भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या-चौथ्या तासात जवळजवळ निम्मं पाणी चढतं. रेंगाळलेला माणूस तेव्हाच खडकावर अडकतो. हिरव्या शेवाळावर पाय नाही, रबरी तळाचे बूट हवेत. उलटलेला दगड होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालचे जीव उन्हात वाळून मरतात.

आता प्रश्न:

१. भांगाच्या दिवशी फेरीऐवजी काय? खाडीतली होडी सुचते, पण ती भरतीवरच निघावी ना? ओहोटीत चिखलात रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत सुटका नाही.

२. एका वाटाड्यामागे किती माणसं? माझ्या मते दहाच्या वर नकोत, मुलं असतील तर आणखी कमी.

३. महिन्याचं पत्रक तारखेवार छापावं, की रोज फळ्यावर वेळा लिहाव्यात?