इटालियन भाषा घरच्या घरी, केवळ ऐकून शिकता येते का?

कानसेन (धागाकर्ते)

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इटलीला निघालेली मराठी मुले सर्वप्रथम विचारतात ते वर्ग कुठला लावावा हे, आणि पुण्यामुंबईबाहेर राहणाऱ्यांना त्याचे समाधानकारक उत्तर सहसा मिळत नाही. माझे मत असे आहे की सुरुवातीच्या काळात वर्गावाचून काही अडत नाही. चांगला श्राव्य अभ्यासक्रम घेऊन रोज अर्धा तास मोठ्याने बोलत बसण्याची तयारी असेल, तर इटालियनचा पाया वर्गापेक्षा घरीच अधिक पक्का होतो.

इटालियन लेखन दिसते तितके सरळ नाही. अक्षरे लवकर वाचता येतात, परंतु शब्दाच्या कोणत्या भागावर आघात द्यायचा हे, शेवटच्या स्वरावरील आघाताचा अपवाद वगळता, सर्वसाधारण मजकुरात दाखवलेले नसते. ‘ते राहतात’ या अर्थाचे ‘आबितानो’ हे रूप पुस्तकातून शिकणारा ‘ता’वर जोर देऊन वाचतो, खरा आघात पहिल्या ‘आ’वर असतो. ‘आंकोरा’ या शब्दात आघात पहिल्या स्वरावर दिला तर जहाजाचा नांगर होतो, आणि ‘को’वर दिला तर ‘अजून’. मराठीत आघाताला असे काम नसल्यामुळे आपण त्याकडे लक्षच देत नाही, आणि पुस्तक कितीही वाचले तरी ही उणीव भरून निघत नाही.

दुसरा मुद्दा स्मरणाचा. अमेरिकन भाषातज्ज्ञ पॉल पिम्सलर यांनी 1967 मध्ये उजळणीचे एक वेळापत्रक मांडले. त्यात नवा शब्द 5 सेकंदांनी, 25 सेकंदांनी, 2 मिनिटांनी, 10 मिनिटांनी, तासाने अशा वाढत्या अंतराने पुन्हा विचारला जातो आणि शेवटचे अंतर 2 वर्षांचे आहे. त्यांच्या नावाने चालणाऱ्या अभ्यासक्रमात निवेदक ‘तुम्हाला काहीतरी प्यायचे आहे असे म्हणा’ एवढे सांगून गप्प बसतो. त्या चार क्षणांत वाक्य जुळवून उच्चारावे लागते आणि मगच इटालियन आवाज योग्य उत्तर देतो. वीस जणांच्या वर्गात एकेका विद्यार्थ्याला तासाभरात अशी किती वाक्ये बोलायला मिळतात, हे वर्गाच्या समर्थकांनी सांगावे.

वहीपेन

असहमत. आघाताविषयीचे निरीक्षण मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष फार मोठा आहे.

पिम्सलरची एक पातळी म्हणजे अर्ध्या तासाचे 30 पाठ, म्हणजेच अवघे 15 तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला इटालियन व्यावसायिक कामासाठी वापरता यावी म्हणून सुमारे 600 तासांचे वर्गशिक्षण आवश्यक मानत आली आहे. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिल्यावर पहिल्याला पाया म्हणणे मला जड जाते. शिवाय ज्या मोकळ्या क्षणांचे आपण कौतुक केले आहे, त्यात विद्यार्थी चुकीचे बोलला तरी निवेदकाला ते कळत नाही. पुढचे बरोबर उत्तर कानावर पडते, आपण म्हटलेले साधारण तसेच होते असे वाटते, आणि चूक तशीच मुरते.

लेखनाचे तर नावच नको. इटालियनमधला ‘एच’ उच्चारला जात नाही, त्यामुळे ‘त्यांच्याकडे आहे’ आणि ‘वर्ष’ हे दोन्ही शब्द कानाला ‘आन्नो’ असेच ऐकू येतात. ते लिहायचे मात्र वेगळे असतात, आणि केवळ ऐकून शिकलेल्याला हा फरक कळण्याचा मार्गच नाही. डिसेंबर 2018 पासून विवाहाच्या किंवा दीर्घ वास्तव्याच्या आधारे इटलीचे नागरिकत्व मागणाऱ्यांना सामान्यतः बी-1, म्हणजे युरोपीय भाषा-मोजपट्टीवरील मध्यम पातळीचे भाषाज्ञान सिद्ध करावे लागते. सिएना आणि पेरुजा येथील परदेशी विद्यार्थ्यांची विद्यापीठे, रोमा त्रे विद्यापीठ आणि दान्ते अलिगिएरी सोसायटी यांच्या परीक्षा त्यासाठी ग्राह्य धरल्या जातात. त्या परीक्षांत लिहावेही लागते. तेथे कान काय करणार?

तोरिनोकर

आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालला आहात, ती म्हणजे हे अभ्यासक्रम आपल्यासाठी बनवले आहेत. प्रचलित श्राव्य अभ्यासक्रम बहुतांशी इंग्रजी भाषकाची जीभ आणि इंग्रजी भाषकाचे व्याकरण समोर ठेवून रचलेले असतात. त्यामुळे मराठी माणसाचा वेळ जिथे जायला नको तिथे जातो आणि जिथे जायला हवा तिथे जात नाही.

निर्जीव वस्तूंना लिंग असते हे इंग्रजी भाषकाला पचवायला वेळ लागतो. वाडा, खिडकी आणि दार यांच्याबरोबर विशेषणे बदलत वाढलेल्या आपल्याला त्याचे काय नवल? ‘मला पुस्तक आवडते, मला पुस्तके आवडतात’ या वाक्यांत क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलते. इटालियनमध्ये अगदी तीच रचना ‘मि प्याचे’ आणि ‘मि प्याच्चोनो’ अशी होते, आणि अभ्यासक्रम मात्र ती उलटी रचना म्हणून पुन्हा पुन्हा समजावत बसतो. तो गेला आणि ती गेली यांतला भेद ‘आन्दातो’ आणि ‘आन्दाता’ यांत जसाच्या तसा आहे. ‘चिठ्ठी? ती मी वाचली’ असे म्हणताना इटालियन कृदंतही चिठ्ठीप्रमाणे स्त्रीलिंगी होते. उच्चारांचेही तेच. त आणि द दंत्य, प आणि क महाप्राणाविना, ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात यांतला जोडव्यंजनाचा फरक, ‘पित्सा’मधला चाकातल्या च सारखा ध्वनी, हे सगळे आपल्या तोंडात आधीपासून आहे.

याउलट, मराठीत उपपदे (इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’सारखे नामाआधीचे शब्द) नाहीत. इटालियनमध्ये निश्चित उपपद लिंग, वचन आणि पुढच्या ध्वनीप्रमाणे ‘इल’, ‘लो’, ‘ला’, ‘इ’, ‘ल्यी’, ‘ले’ अशी रूपे घेते, आणि त्यातच शब्दयोगी अव्यये मिसळून ‘नेल’, ‘सुल’, ‘देल्लो’ तयार होतात. इंग्रजी भाषकाला उपपद ही कल्पना आधीच ठाऊक असल्याने अभ्यासक्रम येथे घाई करतो. उपपद कुठे घालायचे आणि कुठे गाळायचे यावरच येथील मराठी मंडळी वर्षानुवर्षे अडखळतात. म्हणून माझा सल्ला असा की श्राव्य अभ्यासक्रम जरूर घ्यावा, लिंगाचे पाठ भराभर ओलांडावेत आणि उपपदांसाठी स्वतंत्र पुस्तक घेऊन बसावे.

कानसेन

तोरिनोकर यांचा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. लिंगाचे पाठ ओलांडण्याच्या सूचनेला मात्र माझा विरोध आहे. कल्पना परिचित असली तरी प्रत्येक इटालियन शब्दाचे लिंग वेगळे लक्षात ठेवावेच लागते, आणि ते सतत ऐकूनच जिभेवर बसते.

वहीपेन यांच्या आक्षेपावर एक साधा उपाय आहे. स्वतःचे उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि मूळ आवाजाशेजारी ऐकावे. लेखनासाठी पाठांची संहिता उपलब्ध असेल तर ऐकून झाल्यावर श्रुतलेखन करावे आणि ताडून पाहावे.

वहीपेन

श्रुतलेखन करायचे म्हणजे वही आलीच. तेवढ्यापुरते आपण माझ्या बाजूला आला आहात.

ध्वनिमुद्रणाचा उपाय मला अपुरा वाटतो. ‘पेस्का’ या शब्दात ‘ए’ मिटलेला, म्हणजे तोंड कमी उघडून उच्चारलेला असेल तर मासेमारी, आणि उघडा, म्हणजे तोंड अधिक उघडून उच्चारलेला असेल तर पीच हे फळ. जो फरक कानाला जाणवतच नाही, तो स्वतःचे ध्वनिमुद्रण दहा वेळा ऐकूनही जाणवणार नाही. तिथे कोणीतरी दुसऱ्याने टोकावे लागते.

तोरिनोकर

हे उदाहरण पाठ्यपुस्तकात शोभते. उघड्यामिटलेल्या स्वरांबाबत इटलीच्या प्रांताप्रांतांत एकवाक्यता नाही, आणि बाजारात फळाच्या ढिगासमोर उभे राहून ‘पेस्का’ मागणाऱ्याला कोणी मासे देत नाही. टोकणारा हवा हे खरे, पण त्यासाठी आठवड्यातून एकदा एखाद्या इटालियन व्यक्तीशी दूरदृश्य संवाद पुरतो. वर्गच लागतो असे नाही.

माझी तक्रार वेगाविषयी आहे. प्राथमिक पाठांतले कलाकार इतके स्वच्छ आणि सावकाश बोलतात की खरी इटालियन भाषा पहिल्यांदा कानावर पडली की माणूस गांगरतो. राय या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या आकाशवाणी वाहिन्या आंतरजालावर विनाशुल्क ऐकता येतात. एका पातळीचे 30 पाठ संपले की पुढची पातळी विकत घेण्याआधी रोजचे बातमीपत्र ऐकायला लागावे, आणि त्यातले ‘इल’ व ‘लो’ तेवढे टिपत जावे.