व्ही-क्रॉसची स्टेपनी वेगळ्या मापाची आहे, फोर-एचमध्ये चालवली तर काय बिघडेल?

रानवाट_कोल्हापूर (प्रश्न)

सेकंडहँड इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस फोर बाय फोर घेतली आहे. चारही चाकांना १८ इंची अलॉय रिमवर २६५/६० आर१८ ए/टी (ऑल-टेरेन) टायर आहेत, नक्षी सगळीकडे साधारण ६ मिमी शिल्लक. खाली टांगलेली स्टेपनी मात्र लोखंडी डिस्कवर (रिमवर) २४५/७० आर१६, एच/टी (हायवे) पॅटर्नची, एकदाही न वापरलेली.

जूनअखेर मनालीहून अटल बोगद्यामार्गे कोकसर, ग्राम्फू, बातल, कुंझुम करत काझाला जायचंय. वाटेत पंक्चर झालं तर ही स्टेपनी लावून फोर-एच, फोर-एल (चारही चाकांना ताकद देणारे वेगवान आणि संथ मोड) वापरता येईल का? मागे डिफ-लॉक किंवा एलएसडी (दोन चाकांतला वेगाचा फरक मर्यादित ठेवणारा डिफरेन्शियल) नाही, साधा डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आहे. पाचवं अलॉय आणि ए/टी टायर असा जोड घ्यायचा तर बजेट कोलमडतं, म्हणून आधी विचारतोय.

बिनधास्त_ड्रायव्हर

चालतंय की. स्टेपनी म्हणजे पंक्चरवाल्यापर्यंत जायची सोय. फारच वाटलं तर स्टेपनीत हवा ४५ पीएसआय भरा आणि बाकीच्यांची थोडी कमी करा, उंची बरोबर होईल.

गिअरतेल_९०

हवेचा उपाय आधी बाजूला काढू, कारण तो सगळीकडे सांगितला जातो. रेडियल टायरच्या नक्षीखाली तारेचा पट्टा असतो आणि त्याची लांबी ठरलेली असते. हवा कमी केली की टायर बसतो, जमिनीपासून हबची उंची कमी दिसते. पण एका फेरीत चाक जितकं अंतर कापतं त्यात अगदी किरकोळ फरक पडतो. डिफरेन्शियलला उंचीशी देणंघेणं नाही, त्याला फेऱ्या कळतात. हवा कमी-जास्त करून दोन टक्क्यांचा फरक भरून निघत नाही, उलट कमी हवेचा टायर दगडावर आपटून साइडवॉल (टायरची बाजू) फाटते.

आता हिशोब. २६५/६० आर१८ चा नवीन असतानाचा व्यास ७७५ मिमी. ए/टी टायरची नवी नक्षी १० मिमी धरली तर तुमची ४ मिमी झिजलीय, म्हणजे व्यासात ८ मिमी गेले, राहिले ७६७. न वापरलेला २४५/७० आर१६ भरतो ७४९ मिमी. फरक १८ मिमी, सुमारे २.३ टक्के. परिघात सांगायचं तर तुमचं चाक एका फेरीत २४१० मिमी जातं आणि स्टेपनी २३५४. किलोमीटरला स्टेपनीच्या साधारण १० फेऱ्या जास्त होतात.

टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) याने काही होत नाही. दोन चाकांत सव्वादोन टक्क्यांचा फरक म्हणजे डिफरेन्शियलच्या दृष्टीने गाडी सतत सुमारे ६७ मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. घाटातल्या हेअरपिनला याच्या कित्येक पट फरक तो रोज सहन करतो. फक्त इथे तो थांबत नाही. डिफरेन्शियलमधले छोटे स्टार गिअर सरळ रस्त्यावरही आपल्या पिनवर फिरत राहतात. तिथे बेअरिंग नसतं, नुसतं तेल आणि वॉशर. म्हणून ऐंशीच्या आत, शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत माझी हरकत नाही. त्या टायरवर हजार किलोमीटर काढत कोल्हापूरला परत येऊ नका, एवढंच.

एलएसडी असलेल्यांनी मात्र हे वाचून निर्धास्त होऊ नये. त्यातल्या क्लच प्लेटा सतत घासतात आणि तेल तापतं. मागचं चाक बसलं तर पुढचं चांगलं चाक काढून मागे लावायचं आणि स्टेपनी पुढे. वीस मिनिटांचं जास्तीचं काम आहे, पण करावं.

फोर-एचचं गणित निराळं. आपल्या पिकअपमध्ये मधला डिफरेन्शियल नाही. ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी) पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते. मागे एक चाक लहान असेल तर मागच्या शाफ्टचा वेग दोन्ही चाकांच्या सरासरीने ठरतो, म्हणजे फरक निम्मा होतो, किलोमीटरला चाकाच्या ५ फेऱ्या. क्राऊन-पिनियनचं (डिफरेन्शियलच्या मुख्य गिअरजोडीचं) प्रमाण ४.१ धरलं तर शाफ्टच्या २० फेऱ्या. वाळू, चिखल, सुटी खडी असेल तर कुठलं तरी चाक जरासं घसरतं आणि हा फरक तिथेच मोकळा होतो. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर घसरायला जागाच नाही. मग शाफ्टला, त्याच्या क्रॉसला (सांध्याला), ट्रान्सफर केसच्या चेनला पीळ बसत जातो. चारही टायर एकसारखे असतानाही कोरड्या डांबरावर फोर-एच वर्ज्य आहे ते वळणातल्या फरकामुळे. तुमच्या स्टेपनीबरोबर ते सरळ रस्त्यावरही वर्ज्य होतं.

टायरगल्ली

वरचा हिशोब बरोबर. पण पाचवं अलॉय घ्यायची गरजच नाही. डिस्क आहे तीच ठेवा, फक्त टायर बदला.

२४५/७५ आर१६ बघा. नवीन व्यास ७७४ मिमी, तुमच्या २६५/६० आर१८ च्या नव्या मापाहून जेमतेम एक मिमी कमी. आजच्या झिजलेल्या टायरशी तुलना केली तर ७ मिमी जास्त, ०.९ टक्के. आणि गंमत अशी की नवाकोरा २६५/६० आर१८ आणून पाचवा म्हणून टांगला तर तो याहून जास्त, एक टक्क्याच्या किंचित वर चुकतो. साइडवॉलवरचं माप जुळलं म्हणजे टायर जुळला असं नसतं. हे माप थारच्या १६ इंची मॉडेलला येतं, त्यामुळे ए/टी पॅटर्नमध्ये पर्याय मिळतात.

२६५/७० आर१६ घ्या असंही कोणी सांगेल. व्यास ७७७, कागदावर छान. पण त्याला किमान ७ इंच रुंदीची रिम लागते. डिस्कच्या आतल्या बाजूला शिक्का असतो, १६×७जे किंवा १६×६½जे. साडेसहा असेल तर २६५ बसवू नका. दुकानदार बसवून देईल, पण मणी (टायरची रिमवर बसणारी कड) नीट टेकत नाही आणि वळणात टायर डोलतो. २४५ दोन्हींवर चालतो. शिवाय २६५ दोनेक सेंटिमीटर जाड असल्याने खाली टांगल्यावर सायलेन्सरच्या पाइपाला आणि मागच्या बंपरला किती जागा उरते ते बघावं लागेल.

दुकानात टेप घेऊन जा. दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरमध्ये पाच-सात मिमीचा फरक सहज निघतो. हवा सारखी भरून नक्षीच्या बरोबर मध्यावरून टेप गुंडाळा. गाडीचं चाक जॅकवर उचलून मोजा, जमिनीवर टेकलेलं नको. तुमच्या चाकाचा आकडा २४१० च्या आसपास यायला हवा. नवा टायर २४३५ च्या आत असेल तर घ्या.

भार-निर्देशांकही वाचा. चालू टायरवर ११० असेल तर १०६० किलो. नव्यावर ११० किंवा जास्त हवा. आणि चार आकडी तारीख: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमच्या जुन्या स्टेपनीचीही बघाच. एकदाही न वापरलेला टायर सहा-सात वर्षांचा असू शकतो, आणि गाडीखाली धूळ, सायलेन्सरची धग खाऊन नक्षीच्या खोबणीत बारीक भेगा पडलेल्या असतात.

रानवाट_कोल्हापूर

डिस्कवर १६×६½जे आहे, म्हणजे २४५/७५ च. स्टेपनीची तारीख ‘१४१८’. दोन शंका राहिल्या. १६ ची डिस्क पुढच्या ब्रेक कॅलिपरला घासेल का? आणि अलॉयचे नट डिस्कला चालतात का?

गिअरतेल_९०

‘१४१८’ चा टायर स्पितीला नेऊ नका, माप जुळलं असतं तरी.

कॅलिपरचं घरीच तपासा, ग्राम्फूला नव्हे. पुढचं चाक उचला, डिस्क लावा, सगळे नट हाताने घट्ट करून चाक दोन फेऱ्या फिरवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून पुन्हा फिरवा. कॅलिपर आणि रिममध्ये ३ मिमी तरी मोकळे दिसले पाहिजेत. रिमला आतून चिकटपट्टीने वजनं लावली असतील तर ती नेमकी तिथेच अडकतात.

नटाचं बूड बघा. निमुळतं असेल आणि डिस्कच्या भोकालाही तसाच उतार असेल तर तोच नट चालतो. अलॉयला चपट्या वॉशरचा नट असेल तर डिस्कसाठी निमुळत्या बुडाचे सहा नट, त्याच आट्यांचे, टूलकिटमध्ये ठेवा. चपटा नट डिस्कच्या उतारावर नुसता कडेला टेकतो आणि पन्नास किलोमीटरमध्ये ढिला होतो. कुठलाही नट असो, चांदणीच्या आकारात, समोरासमोर आवळायचे आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा.

चिखलराडा

पीळ बसल्याची लक्षणं कोणी लिहिली नाहीत. फोर-एचमधून टू-एचला नॉब फिरवला तरी डॅशवरचा दिवा लुकलुकत राहतो, कमी वेगात वळताना गाडी कोणीतरी धरल्यासारखी अडखळते. जोर करायचा नाही. सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटतं. नाही सुटलं तर एक चाक सुट्या खडीवर किंवा मातीत न्या. चाक जॅकवर उचलूनही पीळ मोकळा होतो, पण जमीन सुटताक्षणी चाक झटक्याने फिरतं. तेव्हा हात, पाना काहीही त्याच्या जवळ नको.

इलेक्ट्रॉनिक्सचं: लहान चाक जास्त फिरतं. टायरची हवा चाकाच्या वेगावरून ओळखणारी सिस्टिम असेल तर तिला ते कमी हवेचं वाटतं आणि ती दिवा लावते. २४५/७५ लावल्यावर ही कटकट बहुधा राहणार नाही. एबीएसचा दिवा लागलाच तर स्पेअरपेक्षा सेन्सरची वायर आधी बघा. चाक बदलताना ती ओढली जाते.

आणि स्टेपनी खाली उतरते का ते आत्ताच बघा. बंपरमधून दांडा घालून फिरवायची ती चेन आपल्याकडच्या पावसाळ्यात चिखल खाऊन जाम होते. पूर्ण उतरवा, वायर ब्रशने घासा, ग्रीस लावा, मग वर घ्या. दांड्याचे सगळे तुकडे गाडीत आहेत का तेही मोजा. सेकंडहँड गाडीत एखादा हमखास गायब असतो.

टायरगल्ली

पंक्चर किट आणि बॅटरीच्या क्लॅम्पवर चालणारा कंप्रेसर घ्याच. नक्षीतला खिळा असेल तर चाक न काढता स्ट्रिप मारून मोकळे व्हाल. साइडवॉल कापली तर स्ट्रिप चालत नाही, आणि बातलच्या दगडांत नेमकी तीच कापते. स्टेपनी त्यासाठी राखून ठेवा. लोसरच्या अलीकडे पंक्चरवाला भेटेल या भरवशावर राहू नका. स्टेपनीत हवा गाडीच्या दाराच्या पट्टीवरच्या मागच्या आकड्याहून ५ पीएसआय जास्त भरून टांगा, लावताना कमी करता येते.

रानवाट_कोल्हापूर

२४५/७५ आर१६ ए/टी सांगून ठेवला. टेप घेऊनच जातो.